खानेसुमारीचा कागद आणि मोबाइलवरचा फॉर्म

सातबारा हा शब्द ठाऊक नाही असा माणूस आपल्या खेड्यापाड्यांत शोधून सापडायचा नाही. सातबाऱ्यावरून भाऊभाऊ कोर्टात जातात, सातबाऱ्यावर नाव चढले की पेढे वाटतात. पण हे सात आणि बारा आकडे कशाचे, असे विचारले तर पुष्कळजण गप्प होतात. ते सर्व्हे नंबर नव्हेत, की कुठल्या कायद्याची कलमे नव्हेत. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुने असतात, एक ते एकवीस. त्यांतला सातवा नमुना हक्काचा, बारावा पिकाचा. म्हणजे सातबारा हे दोन कोऱ्या फॉर्मचे नंबर! आपण आपल्या जमिनीला फॉर्मच्या नंबरावरून ओळखतो, आणि त्यात आपल्याला काही विशेष वाटत नाही.

आज बोलायचे आहे ते याच फॉर्मविषयी, म्हणजे ज्यात कोणीतरी विचारतो आणि कोणीतरी सांगतो अशा प्रश्नपत्रकाविषयी. आता आमच्या शाळांतले तरुण गुरुजी आणि बाई मोबाइलवर असे प्रश्नपत्रक अर्ध्या तासात तयार करतात, त्याची लिंक पालकांच्या गटावर टाकतात, आणि संध्याकाळपर्यंत उत्तरांचा तक्ता आपोआप मांडून मिळतो. त्याला रंग द्यावा, अक्षर मोठे करावे, एका उत्तरावरून पुढचा प्रश्न बदलावा, एवढी कलाकुसरही ते थोड्याशा सांकेतिक लिपीने करू लागले आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण हे काम आपल्याकडे मोबाइलबरोबर आले असे कोणी समजू नये. प्रश्नाचा साचा गावाप्रमाणे कापायचा, बेतायचा, आणि तसा बेतताना कुठे फसगत होते हे पाहायचे, याला आपल्या मुलखात दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

पेशवाई बुडून दोन वर्षे झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. पुण्याजवळ नगर रस्त्यावर लोणी नावाचे गाव आहे, आज आपण त्याला लोणीकंद म्हणतो. टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने या गावाची बारकाईने पाहणी केली आणि १८२० साली ती मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे मांडली. गावची जमीन, घरे, घरातली भांडीकुंडी, अंगावरचे कपडे, रोजचे जेवण, शेतकऱ्याचे कर्ज, असे सारे त्याने टिपले. सरकारी छापील तक्ता त्याच्या हाती नव्हता. काय विचारायचे हे त्याचे त्यालाच ठरवावे लागले. पुढे सव्वाशे वर्षांनी डॉ. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि १९६० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हा आणि आता अशी तुलना त्यांना करता आली, कारण कोट्सने काय पाहिले ते स्पष्ट लिहून ठेवले होते. ही तुलनेची गोष्ट श्रोत्यांनी जरा ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

मग आली खानेसुमारी. शब्द फारसी, खाना म्हणजे घर आणि शुमारी म्हणजे मोजदाद. आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी हाच शब्द होता, काहीजण शिरगणती म्हणत. इंग्रजी अमदानीत पहिली खानेसुमारी १८७२ ची, पण साऱ्या देशात एकाच वेळी झालेली पहिली मोजणी १७ फेब्रुवारी १८८१ ची. तेव्हापासून दर दहा वर्षांनी माणूस कागद घेऊन दारात येतो. तो माणूस बहुधा शाळामास्तरच! अपवाद एकच, २०२१ साली यायचा तो करोनाच्या साथीमुळे आला नाही.

या कागदांची मोठी अडचण म्हणजे उत्तरे मोजायची कशी. कोट्यवधी माणसांची उत्तरे शब्दांत लिहिली तर ती वाचणार कोण? म्हणून प्रत्येक माणसाची उत्तरे एकेका चिठ्ठीवर उतरवून त्या चिठ्ठ्या कप्प्याकप्प्यांत टाकायच्या आणि हाताने मोजायच्या, असा कारखाना पुष्कळ वर्षे चालला. उत्तराच्या जागी आकडा लिहायचा, म्हणजे संकेतांक द्यायचा, ही युक्ती त्यातूनच रुळली. २००१ आणि २०११ साली तर कागदावरचे हे आकडे यंत्राने वाचले.

आता ज्या गोष्टीसाठी हे भाषण, तिच्याकडे येतो.

१९६१ च्या जनगणनेत 'काम करणारा' कोणाला म्हणायचे याची व्याख्या बरीच सैल होती. शेतीसारख्या हंगामी कामात हंगामाचा बराचसा काळ रोज तासाभराहून अधिक काम केले, तरी तो माणूस कामकरी धरला जाई. या मोजणीत देशात सुमारे सहा कोटी स्त्रिया कामकरी म्हणून नोंदल्या गेल्या. दहा वर्षांनी, १९७१ साली, प्रश्न बदलला. आता विचारले ते असे की, तुमचा मुख्य उद्योग कोणता? आणि त्या साली कामकरी स्त्रियांचा आकडा आला सव्वातीन कोटींच्याही आत.

देशाची लोकसंख्या वाढली होती. भाताची आवणी कमी झाली नव्हती, नाचणी कोणी लावायची सोडली नव्हती. मग जवळजवळ निम्म्या बाया गेल्या कुठे? गेल्या कुठेच नव्हत्या. महाड-पोलादपूरच्या कुठल्याही घरात जाऊन बाईला विचारा, "तुमचा मुख्य उद्योग काय?" ती म्हणेल, "घरकाम." खोटे बोलत नाही ती. पहाटे उठून पाणी, चूल, गोठा, मग शेत, मग लाकूडफाटा, आणि रात्री परत चूल. यात मुख्य म्हणून एकच नाव घ्यायचे तर ती घराचेच घेणार. प्रगणकाने 'घरकाम' लिहिले, आणि त्या उत्तराबरोबर ती कामकऱ्यांच्या रकान्यातून बाहेर पडली. शेतीचे काम दुय्यम म्हणून नोंदवायला वेगळी जागा होती, पण मोठा आकडा जो छापला गेला, ज्यावरून धोरणे ठरली, तो मुख्य उद्योगाचा.

१९८१ साली चूक थोडी दुरुस्त झाली. आधी विचारायचे, गेल्या वर्षात कधीही काम केले का? मग वर्षाचा अर्ध्याहून जास्त काळ काम केलेला तो मुख्य कामकरी, त्याहून कमी केलेला तो सीमांतिक. स्त्री-संघटनांनी आणि अभ्यासकांनी हा विषय लावून धरला होता. अखेर १९९१ च्या कागदावर त्या प्रश्नापुढे एक कंस आला. शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनमजुरीने केलेले कामही यात धरावे, एवढीच त्या कंसातली सूचना. एका कंसासाठी वीस वर्षे!

हा इतिहास मी आमच्या गुरुजनांना मुद्दाम सांगतो. मोबाइलवर फॉर्म बनवताना रंग कोणता, अक्षर कोणते, याकडे लक्ष आधी जाते, आणि 'पालकांचा व्यवसाय' या प्रश्नाखाली नोकरी, शेती, व्यापार, गृहिणी अशी चार उत्तरे सहज टाकली जातात. १९७१ चा कागद पुन्हा तयार होतो, फक्त आता तो दिसायला देखणा असतो.

आमच्या भागातली दुसरी पंचाईत म्हणजे 'घरात कोण कोण राहतात?' हा प्रश्न. दिसायला किती साधा! पण पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतली कर्ती माणसे मुंबईला. गणपतीला येणार, शिमग्याला येणार, शिधापत्रिकेवर नाव गावचे, मतदान गावचे, आणि झोपायची जागा परळ-लालबागच्या खोलीत, नाहीतर आता डोंबिवली-विरारला. म्हातारीला विचारा, ती चार मुलगे, सुना, नातवंडे सगळी मोजून दाखवील. तिच्या दृष्टीने ती सगळी याच घरातली. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया भरल्या. त्या आकड्यात मुंबईची वाट आहे.

आणि कातकरी? दिवाळी झाली की संसार टोपल्यात भरून वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडाशी परततात. जनगणना व्हायची फेब्रुवारीत. वाडीवर जावे तर दाराला नुसती दोरी. जिथे भट्टी असेल तिथला प्रगणक त्यांना मोजील अशी व्यवस्था कागदावर असते, पण भट्टी ही कोणाच्या नकाशात पक्की नसते. त्यांची पोरे शाळेच्या पटावर असतात आणि शाळेत नसतात. 'विद्यार्थी गैरहजर का?' या प्रश्नाला 'आजारी', 'घरकाम', 'आवड नाही' अशी तीन उत्तरे देणारा फॉर्म त्या पोराबद्दल काहीच सांगत नाही. 'आईबापांबरोबर भट्टीवर' हे उत्तर त्यात कोणीतरी घालावे लागते. आणि ते घालणार कोण? पुण्यामुंबईच्या कचेरीत बसलेल्याला ते सुचणे कठीण आहे, ते महाडच्या गुरुजींनाच सुचेल.

इथे कोणी म्हणेल, मग प्रत्येकाने आपापला फॉर्म करावा म्हणजे झाले! तसे केले तर दुसरा घोटाळा होतो. १९५० साली प्रा. महालनोबीस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीसाठी देशभरातून १८३३ गावे निवडली होती. त्या फेरीत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने आपली वेगळी प्रश्नपत्रके वापरली, आणि त्यांच्यावरचा अहवाल प्रा. वि. म. दांडेकर यांनी लिहिला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. पाहणी एकच पण कागद दोन, एक कलकत्त्याचा आणि एक पुण्याचा. प्रश्नाची मांडणी बदलली की उत्तराचे मोजमाप बदलते, हे तेव्हापासून आपल्याकडच्या जाणत्यांना ठाऊक आहे. मग एका गावचे उत्तर दुसऱ्या गावाशी, आजचे कालच्याशी ताडून पाहायचे कसे? १९६१ आणि १९७१ च्या कामकरी स्त्रिया शेजारी शेजारी मांडून कोणी म्हणाला असता की बायांनी शेती सोडली, तर त्याला हसावे की रडावे!

प्रश्न गावाच्या भाषेत हवा आणि हिशेब साऱ्या जिल्ह्याचा एक हवा, असा हा पेच आहे. आणि मौजेची गोष्ट अशी की, ज्याला आपण संगणकाची सांकेतिक लिपी म्हणतो, तिने या पेचावर एक साधा तोडगा पहिल्यापासूनच ठेवलेला आहे.

तो समजायला थोडे मागे जाऊ. इंटरनेटवरची पाने ज्या लिपीत लिहितात तिला एचटीएमएल म्हणतात. १९९५ साली तिची जी ठरीव आवृत्ती निघाली तीत प्रश्नपत्रकाचे सगळे भाग होते. लिहायची चौकट, खूण करायचा चौकोन, निवडायचे गोल. या गोलाला तिथे 'रेडिओ बटन' म्हणतात, हे ऐकून आकाशवाणीच्या श्रोत्यांना गंमत वाटेल. जुन्या मोटारींतल्या रेडिओला बटनांची रांग असे. एक दाबले की आधीचे टुपकन वर येई, कारण दोन स्टेशने एकदम ऐकता येत नाहीत. तसेच हे गोल, एक निवडला की दुसरा सुटतो. चौकोनाचे तसे नाही, हवे तितके चौकोन भरा. आता पाहा, 'तुम्ही काय काम करता?' या प्रश्नाला गोल दिले की १९७१ झाले. चौकोन दिले की बाई सांगू शकते, शेत, गोठा, मोळी, आवणीची मजुरी, सगळेच. गोल द्यायचा की चौकोन, ही निवड दिसते क्षुल्लक.

तो तोडगा म्हणजे असा. या लिपीत प्रत्येक उत्तराला दोन नावे देता येतात. एक पडद्यावर दिसणारे, दुसरे आत साठणारे. दिसणारे नाव महाडात 'आवणी' ठेवा, दुसरीकडे 'लावणी' ठेवा, घाटावर आणखी काही ठेवा. आत साठणारा संकेतांक मात्र सगळीकडे तोच, समजा ०३. आवण म्हणा की लावण, जिल्ह्याच्या तक्त्यात दोन्ही ०३ खालीच जमा होतात. चिठ्ठ्यांच्या कप्प्यांचे जे काम होते तेच हे. ज्याला फॉर्म आपल्या गावापुरता बेतायचा आहे त्याने शब्द खुशाल बदलावेत, आकडा बदलू नये. आणि 'भट्टीवर' यासारखे नवे उत्तर घातले तर त्याला नवा आकडा द्यावा, जुना कोणाचा उसना घेऊ नये, आणि केव्हा घातले ती तारीख फॉर्मच्याच तळाशी लिहून ठेवावी. लोणीच्या डॉक्टरने पुढच्या माणसाची जी सोय केली, ती अशीच.

पाठोपाठ पडद्याच्या पेहरावाचीही एक लिपी निघाली, १९९६ च्या डिसेंबरात. तिला सीएसएस म्हणतात. मजकूर एकीकडे, त्याचे रंगरूप दुसरीकडे, ही तिच्यातली मुख्य कल्पना. तिच्याबद्दल फार सांगत नाही, कारण तिथे हौस फार लवकर हाताबाहेर जाते. निळ्या पाटीवर जांभळी अक्षरे काढणारे मी पाहिले आहेत. ज्याच्या हाती मोबाइल आहे तो उन्हात बांधावर उभा असणार, त्याची काच एखादेवेळी तडकलेली असणार, चष्मा घरी राहिलेला असणार. पांढऱ्यावर काळे, मोठे, दोन ओळींत मोकळी जागा, बोट मावेल एवढा गोल. पेहराव एवढा पुरतो.

शब्द गावचे असावेत म्हणतो खरा, पण गावचे शब्द कोणते, हे तरी सरळ कुठे कळते? याचाही शोध आमच्या महाडात झालेला आहे. भाषापंडित डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींची पाहणी हाती घेतली, तिच्यातला एक भाग महाडच्या कुणबी बोलीचा आहे. ते पुस्तक १९६६ साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढले. कुणब्याचे बोलणे, ज्याला शाळेत आम्ही मास्तर अशुद्ध म्हणून लाल शाई लावत होतो, ते तिथे व्याकरणासकट छापले आहे. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींची नवी पाहणी केली आणि ती इंटरनेटवर नकाशांसह ठेवली. शाळेत शिकलेल्या माणसाला "हे वाक्य तुमच्या बोलीत सांगा" म्हटले की तो पुस्तकी मराठीच सांगतो, म्हणून अशा पाहणीत छोट्या चित्रफिती दाखवून "इथे काय झाले?" असे विचारतात. प्रश्नाने आपले शब्द उत्तर देणाऱ्याच्या तोंडात घालू नयेत, यासाठी ही सारी खटपट.

हे सगळे शाळेपुरते नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. गाव नमुना बारा, ज्यात पिकाची नोंद तलाठी करीत असे, तो फॉर्म आता शेतकऱ्याच्या हातात मोबाइलवर आला. शेतात उभे राहून गट नंबर निवडायचा, पीक निवडायचे, क्षेत्र लिहायचे, फोटो काढायचा. म्हणजे इतकी वर्षे दुसऱ्याने भरलेला रकाना आता शेतकरी स्वतः भरतो, आणि त्या नोंदीवर मदत, विमा, खरेदी अवलंबून असते. डोंगरउतारावर नाचणी, वरी आणि तीळ एकाच तुकड्यात करणाऱ्या पोलादपूरच्या म्हाताऱ्याला पडद्यावरच्या यादीत आपले शेत कसे मांडायचे हे समजावून द्यायला पोरगा नाहीतर नात लागते. तो पोरगा मुंबईत. मग गुरुजींनाच हाक येते.

आणि आता जनगणनाही मोबाइलवर येते आहे. सरकारने १६ जून २०२५ रोजी अधिसूचना काढून १ मार्च २०२७ ही आपल्याकडची गणनेची तारीख ठरवली. कागदाऐवजी अॅप, आणि ज्याला हवे त्याने आपली माहिती आपणच भरायचीही सोय जाहीर झाली आहे. ते प्रश्न बदलण्याचा अधिकार प्रगणकाला नाही, आणि नसावाही. पण प्रश्न वाचून दाखवायचा कसा आणि उत्तर ऐकायला किती वेळ थांबायचे, हे मात्र त्याच्याच हातात राहते.

मी स्वतः १९९१ साली प्रगणक होतो. एका वाडीवर दुपारी पोहोचलो. घरची बाई नुकतीच राबासाठी कवळाचा भारा घेऊन उतरली होती, तो अजून अंगणात तसाच पडला होता. मी कागद उघडून विचारले, गेल्या वर्षात काही काम केलंत का? "काय नाय ओ गुरुजी, घरीच असते." माझे पेन 'नाही'वर टेकलेच होते. मग तो कंस दिसला. तो मी मोठ्याने वाचून दाखवला, आणि तिला कळेना तेव्हा आमच्या भाषेत सांगितला. म्हटले, शेतावरचं, पैसे न मिळणारं, तेसुद्धा धरायचं. ती जरा वेळ भाऱ्याकडे पाहत राहिली. मग बोटांवर मोजायला लागली. कवळ तोडणे, शेण वाहणे, राब भाजणे, तरवा पेरणे, खणणे, आवणी, बेणणी, कापणी, मळणी, वरकसातली नाचणी, म्हशीचे गवत. एक हात संपला, दुसरा संपला. "आता अजून सांगू काय?" तिने विचारले. माझ्या कागदावर त्या उत्तराला बोटभर जागा होती.